उजवीकडचा आवाज

तळेगाव दाभाडे,
१६ नोव्हेंबर

अतुल,

जय भीम. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मुलीकडून लिहून घेतला. आत मीच आहे. तुझा जबलपूरचा पत्ता सविताने दिला. तिला रागावू नकोस. तुझी बायको तुझ्यापेक्षा चार शब्द जास्त बोलते, एवढाच तिचा गुन्हा.

सहा वर्षांनी लिहिते आहे, पण जुनं भांडण उकरून काढायला नाही. एक अडचण आलीय आणि ती ज्याला कळेल असा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

मी जुना स्टिरिओ घेतला आहे. हो, मीच. मार्चमध्ये कारखान्यातून निवृत्त झाले. लोक म्हणाले, आता चारी बुद्धस्थळं करून ये. म्हटलं, करीन, पण आधी हे करते. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एक जुना बंगला विकला गेला. मालक मुंबईचे, मुलं परदेशात. कारखान्यातल्या एका मैत्रिणीचा भाऊ तिथे राखणदार आहे. त्याच्याकडून कळलं की दिवाणखान्यात गाण्याचं जुनं सामान आहे आणि मालकांना ते ऐकणाऱ्याच्या घरी जायला हवंय, भंगारात नको.

(भंगार हा शब्द मुद्दाम लिहिला नाही. तो आला. राहू दे.)

चंदेरी तोंडाचा जपानी अॅम्प्लिफायर आहे, सत्तरच्या दशकातला. उचलणाऱ्याला आपली कंबर आठवेल इतका जड. चालू केला की दोन काटे पिवळ्या उजेडात डुलायला लागतात. रेकॉर्ड लावायची, पट्ट्यावर फिरणारी तबकडी आहे आणि माझ्या कमरेपर्यंत येणारे दोन लाकडी स्पीकर. स्पीकरमधल्या कागदी शंकूभोवतीच्या फोमच्या कडेला बोट लावलं तर तिचा भुगा झाला. पुण्यात एकजण अजून हे काम करतो, त्याने नवी कड लावून दिली. किती पडले ते विचारू नकोस. सोसायटीतली निम्मी माणसं विचारून गेली. "एवढ्यात नवीन टीव्ही आला असता हो."

पहिल्या दिवशी लावलं आणि मी खुर्चीत बसून चक्क हसायला लागले. मोबाइलवर ऐकताना गाणं डोक्यात येतं. इथे ते समोर येऊन बसलं. तंबोरा मागे, तबला थोडा बाजूला, आणि गाणाऱ्या बाई श्वास घेतात तोसुद्धा ऐकू येतो.

आता अडचण. उजवीकडचा स्पीकर कमी वाजतो. बंद नाही. वाजतो, पण दार लोटून घेतलेल्या खोलीतून आल्यासारखा. गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधोमध बसायला हवी ना? ती सारखी डावीकडे सरकते. दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं. तो खुर्चीत बसला, मान डोलावली आणि म्हणाला, "मॅडम, एकदम बरोबर आहे." त्याच्या 'बरोबर'वर माझा विश्वास नाही. तू बाबांच्या हाताखाली तारांना सोल्डरचा डाग द्यायला शिकलास, आणि आता दिवसभर तेच काम करतोस. दोष अॅम्प्लिफायरमध्ये आहे, वायरीत आहे की स्पीकरमध्ये, हे घरच्या घरी कसं ओळखायचं तेवढं कळव.

बाकी मी मजेत.

ताई


तळेगाव,
३० नोव्हेंबर

अतुल,

तुझं उत्तर मिळालं. मायना नाही, सही नाही. नुसत्या सूचना, त्याही टाइप केलेल्या. तरी मी तो कागद दोनदा वाचला. 'खरखर येत असल्यास आवाजाचा नॉब पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवणे' हे वाक्य तू बाबांच्याच आवाजात लिहिलं आहेस. 'फिरवणे'! बाबासुद्धा आपल्याला माणसं न समजता त्यांच्या लष्करी डेपोतले शिपाई समजून असंच सांगायचे.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. आधी नॉब फिरवले. थोडी खरखर होती, ती गेली. मग अॅम्प्लिफायरच्या मागे वाकून वायरी बदलल्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. तुझं म्हणणं, दोष अॅम्प्लिफायरचा असेल तर तो आता दुसऱ्या स्पीकरमध्ये जाईल. गेला नाही. उजवीकडेच कमी. म्हणजे स्पीकर बिघडलेला. म्हणून स्पीकर उचलून त्यांच्या जागा बदलल्या. हे काम भामामावशींच्या मदतीने केलं.

भामामावशी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या वरदची आई. कान्हे गावच्या. सगळं आयुष्य भातशेतीत गेलं, आता मुलाने इथे आणून तिसऱ्या मजल्यावर ठेवलंय. त्यांना इथे करमत नाही. रोज दुपारी माझ्याकडे येतात आणि गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगराला नावं ठेवतात, कारण तो त्यांच्या डोंगरासारखा नाही. स्पीकर सरकवताना म्हणाल्या, "अगं बाय, ही पेटी हाय का कनगी? ह्यात भात भरला आसता की वरीसभराचा."

जागा बदलल्या. अतुल, तरी उजवीकडेच कमी.

मग मला वाटलं, खोलीचा दोष असेल. उजवीकडे खिडकी आहे, पडदा आहे. पडदा काढला. सतरंजी अंथरली, उचलली. काही फरक नाही.

कागदाच्या शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस: 'तरीही तसेच राहिल्यास खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसणे व ऐकणे.' ते अजून केलेलं नाही. त्याने काय कळणार आहे? इतकी वर्षं वाजलेलं यंत्र, थोडा फरक राहायचाच. मला तसंही आवडायला लागलं आहे. बाई डावीकडे बसते तर बसू दे.

इथे थंडी चांगली पडली आहे. अपूर्वा आता कितवीत आहे? तिचा फोटो सविताने पाठवला. कपाळ आपल्या आईचं आलंय.

ताई


तळेगाव,
२१ डिसेंबर

प्रिय अतुल,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. खुर्ची मी त्याच दिवशी फिरवली होती, पत्र लिहायच्या आधी.

पाठ करून बसले तर बाई दुसऱ्या स्पीकरकडे गेली. म्हणजे परत माझ्या डावीकडेच.

मी उठले, खुर्ची सरळ केली आणि भामामावशींना म्हटलं, "मावशी, इथे बसा जरा. गाणं कुठून येतंय सांगा." त्या बसल्या. पदर सावरला. मला वाटत होतं, त्या स्पीकरकडे बोट दाखवतील. त्यांनी दोन्ही स्पीकर सोडले आणि मधल्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलं.

"हितं. ही काय बाई बसलीया, भितीपाशी. आन् तबल्यावाला तितं, तुज्या कपाटाकडं. तुला न्हाई व्हय दिसत?"

गाणारी मधोमध बसायला हवी, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की यंत्रात काहीच बिघडलेलं नाही.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. फोन मी कधीपासून डाव्याच कानाला लावते. कारखान्यात शेवटच्या वर्षी मीटिंगमध्ये मी टेबलाच्या उजव्या टोकालाच जाऊन बसायची. बाकी सगळे डावीकडे येतील असं बघायची, पण का ते मला माहीत नव्हतं. मावशी जिन्यात हाक मारतात तर मी भलत्याच बाजूला बघते. यातलं काही एका दिवसात झालं नाही, म्हणून लक्षात आलं नाही. वय झालं म्हणायचं आणि पुढे जायचं.

इथल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. कागदावर डाव्या कानाची रेघ सपाट आहे आणि उजव्याची सिंहगडावरून खाली आल्यासारखी. त्यांनी पुण्याला पाठवलं. भामामावशींना म्हटलं, मी एकटी जाऊन येते. त्यांनी वरदला सांगून डबा भरून घेतला होता. "येकलीनं जायाचं न्हाई. मी येतीया. मला तसंबी फ्लॅटात काय काम हाय?"

पुण्यात डोक्याचा एमआरआय काढला. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर एक गाठ आहे. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. कॅन्सर नाही. हे वाक्य परत वाच, कारण मलाही ते डॉक्टरांकडून परत म्हणवून घ्यावं लागलं. कॅन्सर नाही, पसरत नाही. पण वाढते, आणि वाढली तर तोल जातो, चेहऱ्याच्या नसेवर दाब येतो, पुढेही बरंच काही होतं.

डॉक्टर साधारण तुझ्या वयाच्या आहेत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला चक्कर वगैरे काही नाही. मग तुम्ही आलात कशा?"

मी म्हटलं, "माझ्या भावाने स्पीकरच्या वायरी बदलून बघायला सांगितल्या होत्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, वायरी, स्पीकर, खुर्ची. त्या म्हणाल्या, "अशी माणसं आमच्याकडे बहुतेक वेळा खूप उशिरा येतात. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा."

तर तो नमस्कार पोचवते आहे. सविताला एवढ्यात सांगू नकोस. आणि घाबरू नकोस. मी घाबरलेली नाही.

तुझी ताई

ता. क. थोडी घाबरले आहे.


तळेगाव,
६ जानेवारी

प्रिय अतुल,

'ताई, रिपोर्ट पाठव. मी येतो.' या वेळी टाइप केलेलं नाही, हाताने लिहिलेलं. रिपोर्टच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

यायची गरज नाही. काय ठरलं ते सांगते, म्हणजे तुझी खात्री पटेल. दोन वाटा आहेत. डोकं उघडून गाठ काढणं, किंवा एकाच दिवसात नेमके किरण सोडून ती आहे तिथेच थांबवणं. गाठ लहान आहे म्हणून दुसरी वाट डॉक्टरांना बरी वाटते. मलाही. संध्याकाळपर्यंत घरी पाठवतील म्हणतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे.

मी विचारलं, "आणि ऐकू येणं?" त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेलं परत येणार नाही. आहे तेसुद्धा पुढच्या काही वर्षांत हळूहळू कमी होण्याची शक्यता जास्त. कदाचित टिकेल. कुणी हमी देणार नाही.

घरी आले आणि अॅम्प्लिफायरवर चादर घातली. चार दिवस तशीच होती. लोणावळ्यातल्या एका हॉटेलवाल्याला तसले जुने सेट शोभेला हवे आहेत असं कळलं, तर त्याचा नंबरही मागून घेतला. दोन कानांसाठी बनवलेली वस्तू. माझ्याकडे दीड आहे, उद्या एकच असेल. कशाला जीव अडकवायचा?

पाचव्या दिवशी मावशी आल्या. चादरीकडे बघितलं आणि विचारलं, "हिला काय झालं? का गं झाकलीस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माजा येक डोळा मोतीबिंदूनं गेल्ता. म्हून काय मी दुसरा झाकून बसली न्हवती. काढ ती चादर. मला त्या बाईचं ऐकायचंय." आणि स्वतःच काढली.

तेव्हा त्यांनी ऐकलं आणि मी त्यांच्या शेजारी बसून ऐकलं. हॉटेलवाल्याला अजून फोन केलेला नाही. करावा की नाही, ठरत नाही.

तर तू येऊ नकोस. रजा जाईल, अपूर्वाची परीक्षा जवळ आली असेल. मी सगळं व्यवस्थित पार पाडीन, तुला माहीत आहे.

जबलपूरहून येणारी गाडी तळेगावला थांबत नाही. पुण्याला उतरून लोकल घ्यावी लागते. स्टेशनवरून रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगितलं की पुरतं. आलं घातलेला चहा अजून पितोस ना?

ताई


तळेगाव,
२६ फेब्रुवारी

प्रिय अतुल,

तू जबलपूरला परत पोचल्याचा सविताचा निरोप मिळाला. मी बरी आहे. किरण सोडताना डोक्याला चौकट बसवली होती त्या जागा अजून हुळहुळतात, दुपारी थकवा येतो, बाकी काही नाही. मावशी लापशी आणतात आणि पुढ्यात बसून संपवायला लावतात.

तू इथे असताना मी काही बोलले नाही, म्हणून लिहिते आहे. आपल्या घरात कुणालाच तोंडावर बोलता आलं नाही. बाबा सूचना द्यायचे आणि आई ताट वाढायची.

आधी त्या पहिल्या संध्याकाळचं. तू बॅग ठेवलीस, पाणी प्यायलास, आणि माझ्याशी बोलायच्या आधी हात पाठीमागे बांधून सेटभोवती फेरी मारलीस. डेपोतल्या कॅप्टनसाहेबांची बदली झाली आणि त्यांचा सेट बाबांनी देहूरोडच्या घरी आणला, तेव्हा बाबांनी अशीच फेरी मारली होती. मग तू मला खुर्चीत बसवलंस आणि रेकॉर्ड लावलीस. ती भीमगीतांची होती, माझ्याकडच्यांतली सगळ्यांत जास्त चरे पडलेली. अॅम्प्लिफायरपुढे उकिडवा बसून तू विचारलंस, "बॅलन्सच्या नॉबला हात लावला होतास कधी?"

मी म्हटलं, "तो मधोमधच ठेवायचा असतो ना?"

"कुणी सांगितलं? नव्या सेटांत हा नॉब बघायलाही मिळत नाही. तो असतो कशासाठी?"

आणि तू तो केसभर उजवीकडे सरकवलास. "आता?" "डावीकडेच." आणखी केसभर. "आता?" दर वेळी तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, काट्यांकडे नाही. आणि अतुल, एका क्षणी ती बाई उठली आणि मधोमध येऊन बसली. मावशी म्हणाल्या होत्या तिथेच, भिंतीपाशी. कोरस तिच्या मागे अर्धगोल उभा राहिला. ढोलकी उजवीकडे होती. उजवीकडे! तुला ते कळलं, कारण तू नॉबवरचा हात काढून घेतलास आणि चरे पडलेली ती बाजू संपेपर्यंत तसाच खाली बसून राहिलास.

मावशींनी आपल्याकडे बघून विचारलं होतं, "ह्यात रडन्यासारकं काय हाय?"

आता दुसरं. दवाखान्यातून आल्यावर तू स्वयंपाकघरात कांदा चिरत होतास आणि मी ओट्याला टेकून उभी होते. तू बराच वेळ काहीतरी बोललास आणि मग थांबून माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "काय म्हणालास?" तू उजवीकडे उभा होतास. मला एक शब्द ऐकू आला नव्हता.

सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तू सांगून मोकळा झालास आणि ती माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. मला वाटलं, आता हा परत सांगणार नाही. तू सुरी खाली ठेवलीस, ओट्याला वळसा घालून डावीकडे आलास, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस.

आईने तुला बाबांचा तो सेट काढून टाकायला सांगितला होता. बाबा गेल्यावर संध्याकाळ झाली की ती दोन कप चहा ठेवायची आणि सेटकडे बघत बसायची. ते आत्ता येतील आणि बटण दाबतील असं तिला वाटायचं. "मला अशी वाट बघायला लावू नको रे," म्हणाली. आणि मला सांगू नको म्हणाली, कारण कळलं तर मी तिला तळेगावला घेऊन आले असते आणि तिला देहूरोडचं घर सोडायचं नव्हतं. म्हणून तू भंगारवाल्याला बोलावलंस. मी आले तेव्हा कपाटावर धूळ नसलेला चौकोन होता, आणि मी जे बोलले ते तू ऐकून घेतलंस. आईच्या अंत्यविधीलाही तू एका बाजूला उभा होतास आणि मी दुसऱ्या. तेव्हासुद्धा तू तोंड उघडलं नाहीस.

तू सांगितलंस तेव्हा मी फक्त "कांदा बारीक चिर" म्हणाले. तेवढंच सुचलं.

खरं सांगू? मला आधी राग आला. तुम्ही दोघांनी मिळून मला बाहेर ठेवलंत याचा. आईला माझ्यापासून काही लपवावंसं वाटलं, हे अजून टोचतं. पण तिचं बरोबर होतं. मी तिला उचलून आणलीच असती. औषधं वेळेवर दिली असती, मऊ अंथरूण दिलं असतं, आणि ती इथे गॅलरीत बसून परक्या डोंगराला नावं ठेवत राहिली असती. ती शेवटची दोन वर्षं ती स्वतःच्या घरात राहिली. तिला ती तू मिळवून दिलीस आणि त्याची किंमत एकट्याने भरलीस. हे तोंडावर म्हणता आलं नाही, म्हणून लिहिलं. हे पत्र जपून वगैरे ठेवू नकोस. वाचलंस, झालं.

हॉटेलवाल्याचा नंबर मी खोडून टाकला आहे. आता रविवारी दुपारी मावशी कान्ह्याच्या दोन बायकांना घेऊन येतात. राजेश्वरी म्हणून एक निवृत्त शिक्षिका खालच्या मजल्यावर आहेत, त्या त्यांच्या वडिलांच्या रेकॉर्डी आणतात. खुर्ची एकच आहे, म्हणून पाळीपाळीने बसतो. कुणाची पाळी जास्त वेळ चालली की मावशी घसा खाकरतात.

तुझी ताई


तळेगाव,
१७ ऑगस्ट

प्रिय अतुल,

गेल्या आठवड्यात पुण्याला जाऊन एमआरआय करून आले. गाठ वाढलेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, मधला भाग थोडा निवल्यासारखा दिसतो आहे, आणि असं दिसलेलं त्यांना आवडतं. आता पुढची तपासणी वर्षाने. तपासणीला जाणार असल्याचं सविताला तू सांगशील म्हणून मी सांगितलं नाही. आज कळलं की तूही सांगितलेलं नाहीस. तर ही बातमी आता तूच दे.

उजवा कान थोडा आणखी उतरला आहे. नॉब आता शेवटाच्या जवळ आलाय. कधी कधी बाई मधोमध येते, कधी नाही. एखाद्या दिवशी ती कायमची डावीकडे जाईल, हे मी धरून चालले आहे. मागच्या रविवारी मावशींनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि डोळे मिटून सांगायला लागल्या, "उजवीकडं आता बासरी आली. लांब हाय, डोंगराच्या पल्याड. आता आली जवळ. ऐक." मी त्यांच्या शेजारी खाली बसले होते. मला बासरी ऐकू येत नव्हती. पण त्यांच्या हाताचं बोट जिकडे जात होतं तिकडे बघत होते, आणि माझं काही हरवलं आहे असं तेव्हा वाटलं नाही. काय वाटलं त्याला नाव नाही. चांगलं वाटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. काल संध्याकाळी अपूर्वाचा फोन आला. मला तिचा आवाज माहीतच नव्हता, मी "कोण हवंय?" विचारलं. "आत्या, मी अपूर्वा. जबलपूरहून." मग एका दमात सुरू झाली. "बाबांनी कुणाच्या तरी घरून एवढाले दोन जुने स्पीकर आणि एक सेट उचलून आणलाय. बैठकीची खोली भरून गेली. सोफा गॅलरीत गेलाय. आई तीन दिवस त्यांच्याशी बोलत नाहीये. बाबा म्हणतात, आत्याला विचार, ती सांगेल. आत्या, तू आईला समजाव ना."

मागून सविताचा आवाज येत होता, आणि ती जे म्हणत होती ते मी लिहीत नाही. मी फोन कानाला धरून इतकी हसले की मावशी समोरच्या दारातून बघायला आल्या.

अपूर्वाला म्हटलं, मी पत्राने कळवते, तुझ्या बाबांना पत्रातल्या सूचनाच समजतात. तर ऐक. सोफा आत घे. स्पीकर भिंतीला चिकटवू नकोस, पण सविताच्या जायच्या-यायच्या वाटेतही ठेवू नकोस. सुई नवी घे, जुन्या सुईने चांगल्या रेकॉर्डचा जीव जातो. वायरी दिसणार नाहीत अशा लाव.

आणि हे सगळं झालं की स्वतः बसायची घाई करू नकोस. सविताला आवडतं ते काहीतरी शोधून लाव. तिला हाताला धरून मधोमध बसव, आणि तू मागे उभा राहा. काही समजावून सांगू नकोस. नुसता गप्प राहा. तेवढं तुला येतं.

तुझी,
ताई